तेल प्यालेली होडी

"डोळो फसवता, हात फसवणा नाय," असं म्हणत काका डोळे मिटायचे आणि फायबरच्या होडीवरून तळवा फिरवायचे. चीर सापडली की तिथे नखाने टकटक करून चोर पकडल्यासारखे आमच्याकडे बघायचे.

अंधेरीतल्या आमच्या फायबरकामाच्या शेडमध्ये ते कारागीर, मी स्टोअर सांभाळायचो. गिरणीतली नोकरी सुटल्यावर पन्नाशीत हे काम शिकलेला मालवणी माणूस. असे हट्टी काका तुम्हीही पाहिले असतील. आमचं फारसं जमायचं नाही, कारण पुसायला त्यांना ॲसिटोन इतरांच्या दुप्पट लागायचं.

त्या पावसाळ्यात वर्सोव्याच्या एका नाखवाची होडी जेट्टीच्या दगडावर घासली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, हातभर उडाला. आत पाणी मुरलं तर होडी गेलीच. नाखवाने लाकडी होडी विकून ही घेतली होती. नारळी पौर्णिमेला ती समुद्रात गेली नाही तर घर कशावर चालवायचं, हा त्याला घोर लागला होता.

आम्ही दोघं सामान घेऊन खाडीकाठी गेलो. काकांनी ताडपत्रीखाली बसून घासलं, रंग जुळवला, थर दिला. दोन दिवसांनी तो पापडासारखा सुटून हातात आला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. बघायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"काका, माल खराब असेल. सोडा आता," मी म्हणालो.

"माल बरो आसा. होडयेक कायतरी झालाहा." ते थर सुटलेल्या जागेला नाक लावून बसले. मग नाखवाकडे वळले. "हिका तेल लावलात?"

"लावनारच की! आमचा बापूस बी दरसाल मुशीचं तेल चोलायचा."

मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, तेलाने लाकूड टिकतं; ती लाकडी होडीची माया त्याने फायबरवर केली होती. तेल बारीक चिरांतून आत मुरलं होतं, आणि तेलावर जेलकोट धरत नाही. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"परत घासूक होया."

पौर्णिमेला चार दिवस उरले होते. त्यांनी दुप्पट जागा खरवडली. फडक्याला मासळीचा वास यायचा थांबेपर्यंत पुसत राहिले. ॲसिटोन मी न मागता देत होतो. तिसरा थर देऊन त्यावर प्लास्टिक ताणून बसवलं. आदल्या दिवशी प्लास्टिक काढलं, तर थर नखाने उचलेना.

पूजा झाली, होडी पाण्यात लोटली, तरी नाखवाचं मन मानेना. "काका, आज तुमी बी बसा," तो म्हणाला.

काकांचा चेहरा उतरला. "माका पोहूक येणा नाय," ते माझ्या कानात म्हणाले.

"मग नाही म्हणा ना!"

"कसा म्हणू? काम माजा आसा." पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चढले. या माणसाशी मी ॲसिटोनच्या डब्यावरून भांडायचो, याची मला तेव्हा फार लाज वाटली.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते त्या होडीतच दिसतात. बाकीचे सगळे किनाऱ्याकडे हात हलवतायत, आणि काका होडीचा काठ घट्ट धरून, नाळेवरून वाकून, लाटा आपटतायत तिथे बघतायत. होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली तरी त्यांनी मान वर केली नाही.