बद्द वाजणारा दगड

खडकमास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. भूगर्भ खात्यात बत्तीस वर्षं हातोडी घेऊन हिंडलेला माणूस. पण रस्त्यात कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं तरी पायाखालचा दगड उचलून त्याची कुळकथा सांगायला बसायचे, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं होतं. घरात पलंगाखाली, खिडकीत, बुटांच्या कपाटात दगडच दगड. "माझ्या सवती" म्हणत बायको त्यांच्यावरची धूळ झटकायची.

निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटंसं पुस्तक काढलं. आसपासच्या डोंगरांत गारगोट्या कुठे मिळतात, अभ्रकाचे पापुद्रे कुठे, आणि कुठले चौदा कडे चढायला पक्के. पक्के आहेत हे ठरवायचं कसं? मास्तर दोराला लटकून हातोडीनं कडा वीत वीत ठोकत जायचे. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत फट असली की बद्द. चढाईवाले ते पुस्तक पिशवीत टाकल्याशिवाय निघत नसत. मास्तरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

उत्तरेकडचा करडा कडा त्यांनी सगळ्यात शेवटी तपासला. पुस्तकात लिहिलं, 'दगड अखंड. निर्धास्त चढावं.'

दुसऱ्याच वर्षी त्या कड्याचा दाराएवढा पापुद्रा सुटला. एक मुलगी तेव्हा त्यालाच धरून चढत होती. सव्वीस वर्षांची, चढाई शिकवून पोट भरणारी. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

चौकशी समितीनं कागदावर लिहून दिलं : नैसर्गिक झीज, दोष कुणाचाच नाही. भेटेल तो मास्तरांना तेच ऐकवू लागला. मास्तर मान डोलवायचे.  आठवडाभरानं जेवताना बायकोनं ताटावरची नजर न उचलता विचारलं, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं :

"तो कडा ठोकायला गेलात, तेव्हा दारावरची बेल ऐकू येत होती का तुम्हाला?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

तो कडा तपासण्याआधी दोन वर्षं ती कानीकपाळी ओरडत होती, कान तपासून घ्या म्हणून. 'तूच पुटपुटतेस' म्हणून मास्तर तिलाच दटावत. करड्या कड्यावर त्यांना हातोडीचा आवाज जेमतेम येत होता. मनगटाला बसणाऱ्या हादऱ्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता. तेरा कडे झाले होते, एकच उरला होता. आता मला ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सगळी हयात दगड ऐकण्यात गेलेली.

दुसऱ्या दिवशी ते मुलीच्या घरी गेले. तिच्या आईनं दार उघडलं आणि काही न विचारता आत नेलं. मुलगी खिडकीशी पडून होती. मास्तरांनी जे घडलं ते उभ्या उभ्याच सांगितलं, काहीही न लपवता.

"मी ते पान वाचूनच निघाले होते," ती म्हणाली. मास्तर पुढे वाकले तेव्हा तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. मग तिनं मान त्यांच्याकडे वळवली.

"शंका आहे, एवढं एक वाक्य लिहायचं होतंत. मी दुसरीकडून चढले असते."

"हो."

"पुन्हा येऊ नका."

आईनं त्यांना दारापर्यंत सोडलं. 

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक दुकानांतून परत मागवलं आणि समितीला खरं काय ते कळवलं. समितीकडून दोन ओळींचं उत्तर आलं : अहवाल बदलण्याची गरज वाटत नाही. शिक्षा कुणी देईना. मग त्यांनीच ठरवलं, ज्या दोन वर्षांत कान गेले त्या काळातले बाकीचे पाच कडे पुन्हा ठोकायचे. ऐकणार कोण? दगडांचं नाव काढलं की नाक मुरडणारी बायको म्हणाली, "मी ऐकते."

वरून दोर धरायला मुलीचाच साथीदार आला. अपघाताच्या दिवशीही दोर त्याच्याच हातात होता. तो मास्तरांशी चकार शब्द बोलत नसे. जे काही असेल ते काकूंशी. मास्तर दोरावर लटकून ठोकत, बायको खाली उभी राहून कान देई आणि बद्द वाजलं की हात वर करी. पहिल्या दिवशी तिचा हात एकदाही वर गेला नाही. चौथ्या कड्यावर गेला. पाचव्यावर तर तिनं तो खाली घेतलाच नाही.

मास्तर खाली उतरले. साथीदारही वरून उतरून आला आणि दोर गुंडाळत पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तिला सांगू का, काका? दोन कडे वेळेवर सापडले म्हणून?"

मास्तरांना ऐकू आलं नाही. बायकोनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"नको," मास्तर म्हणाले. "तिला त्याचा काय उपयोग?"

महिनाभरात त्या दोन कड्यांखाली धोक्याच्या पाट्या लागल्या. मास्तर त्यानंतर डोंगराकडे फिरकले नाहीत. कानात यंत्र बसवून घेतलं, पण ते बहुतेक वेळा टेबलावरच पडलेलं असे.