जाळीमागचे कुंकू

त्या हळदीच्या गिरणीची आठवण आली की मला आधी राग येतो. वाईट नंतर वाटते. वय झाल्यावर हा क्रम उलटेल असे वाटले होते. उलटलेला नाही.

मी तेव्हा साताऱ्याहून बदलून सांगलीला फौजदार म्हणून आलो होतो. संस्थान विलीन झाले होते आणि कारखान्यांचा नवा कायदा लागू झाला होता. दिवाळी होऊन गेलेली. एका दुपारी ठाण्यात वर्दी आली, की हळद पॉलिश करणाऱ्या गिरणीत एका बाईचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात सापडला. आम्ही पोहोचलो तोवर ती गेली होती. तिच्या अंगावर कुणीतरी हळदीचे रिकामे पोते पांघरले होते.

पंच बोलावून पंचनामा सुरू केला. इंजिनाच्या मोठ्या चाकापुढे लोखंडी जाळी बसवलेली दिसली. मालक, त्यांना सगळे शेठ म्हणत, लगेच पुढे आले.

"जाळी पहिल्यापासून आहे साहेब. मिस्त्रीने सकाळी तेल घालायला काढली आणि परत लावलीच नाही. आणखी कुणाला लागायला नको म्हणून आता आम्ही बसवली."

मी लिहीत होतो आणि ते प्रश्न विचारत होते.

"नवा कायदा आमच्या गिरणीला लागू होतो का?"

"किती माणसे कामाला आहेत त्यावर आहे."

"बायका माणसांत धरायच्या का? त्या तर रोजावर येतात."

"धरायच्या."

"आणि कामगारच बेफिकीर असला, तर मालकाने काय करायचे? पदर खोचायला आम्ही सांगायचे का?"

मी लेखणी खाली ठेवली. "शेठ, बाई अजून इथेच आहे," म्हणालो. त्यांनी पोत्याकडे एकदा पाहिले. मग जाळी एका बाजूने पुरते की दोन्ही बाजूंनी लागते, ते विचारू लागले.

हळद निवडणाऱ्या बायका भिंतीशी बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं समदं पिवळं हुतंय साहेब. भित्ती पिवळ्या, आमी पिवळ्या. ती जाळी तेवढी काळीभोर कशी ऱ्हायली?"

शेठ म्हणाले, "परवाच धुतली."

मिस्त्रीला ठाण्यात आणले. सातारा तालुक्यातला माणूस, लढाईत फौजेच्या वर्कशॉपमध्ये होता. बाकावर पाठ ताठ ठेवून बसला.

"जाळी कुणी काढली?"

"म्या."

"किती बोल्ट सोडवले?"

"चार."

"सहा आहेत मिस्त्री."

"मग सा सोडीवलं असतील."

"इतकी वर्षे पाने हातात धरलीत, आणि बोल्ट मोजता येत नाहीत?"

मॅजिस्ट्रेटपुढे तो हेच बोलला असता तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल सरळ तुरुंगात गेला असता. मी ते त्याला समजावून सांगितले. चहा मागवला, तो त्याने घेतला नाही. तासाभराने माझा धीर सुटला.

"खोटे कशाला बोलता? शेठनी काय कबूल केलंय तुम्हाला?"

"शेठचं नावबी काढू नगा," तो म्हणाला. "इंजन रोज म्याच चालू करतो न्हवं? चाक उघडं हाय हे मला दिसत न्हवतं व्हय? फौजेत असतो तर हँडलला हात लावला नसता. हितं वरीसभर चालीवलं. आता चूक कुनाची म्हनायची? लिवा तुमी."

आयुष्यात मी अनेकांना गुन्हा नाकारताना पाहिले. न केलेला गुन्हा इतक्या हट्टाने मागून घेणारा हा एकच. पण एवढ्या बोलण्याने पुरावा होत नव्हता, कारण सहीची वेळ आली की तो पुन्हा "म्याच काढली" यावर येई.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गिरणीत गेलो. जाळीच्या छिद्राला डोळा लावून आत पाहिले. चाकाच्या आऱ्यावर तेलात मुरलेले कुंकू होते, पाच बोटांनी ओढलेले. जाळीवर कुंकवाचा ठिपकाही नव्हता.

"दसऱ्याला पूजा केली, तेव्हा जाळी काढली होती," शेठ माझ्या खांद्यामागून म्हणाले. "पूजा झाल्यावर लगेच लावली."

मी त्या पाच रेघा पाहत राहिलो. त्यातली चौथी वाकडी होती. माझे चौथे बोट वाकडे आहे.

दसऱ्याला त्या गिरणीत पाहुणा मीच होतो, आणि पंचनामा लिहिताना ते मी मनात येऊ दिले नव्हते. नवे फौजदार म्हणून शेठनी मान दिला आणि कुंकू लावायला मला चाकापाशी नेले. "बिनधास्त पुढे या, पट्टा बंद आहे," म्हणाले, तेव्हा आम्ही दोघेही हसलो होतो. मग मुहूर्त म्हणून इंजिन सुरू केले. चाक उघडेच फिरत होते, बायका पलीकडून सुपे घेऊन जात-येत होत्या. जाळी कुणी आणली नाही, शोधली नाही.

तपास मी वरिष्ठांना कळवून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला आणि साक्षीदार झालो. तयार जाळी अपघातानंतर आपल्या दुकानातून नेऊन बसवल्याचे लोहारानेही सांगितले. कोर्टात शेठच्या वकिलांनी मला विचारले, "चाक उघडे तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले."

"मालकांना काही बोललात?"

"नाही."

"का?"

"पेढा खात होतो."

कुणी हसले नाही. मिस्त्री सुटला. शेठना दंड झाला. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठले आणि विचारले, "आता जाळी आहे, पण दर दसऱ्याला काढली तर कायद्याला चालेल ना?" मी टोपी घातली आणि पायऱ्या उतरलो.

या प्रकरणाने मला एवढेच शिकवले, की पंचनामा करताना आपण जे बारकाईने पाहतो, ते आदल्या महिन्यात पाहुणे म्हणून पाहिले असते तर पंचनामाच करावा लागला नसता. माणसे प्रश्न विचारतात ते आपण कशातून सुटतो हे कळावे म्हणून. मीही पंचनाम्याच्या दिवशी सुटलो होतो, कारण मला कुणी विचारले नव्हते.

मिस्त्री पुढे गावी परतले आणि पिठाची चक्की टाकली. दर दसऱ्याला त्यांचे कार्ड येई. ते गेल्या महिन्यात वारले. तेराव्याला मी त्यांच्या गावी गेलो. जेवणे झाल्यावर एकटाच चक्कीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. पट्ट्यावर आणि चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी होती, पिठाने पांढरी झालेली. दसऱ्याचे कुंकू बाहेरून, जाळीवरच लावलेले होते. वाकून आत पाहिले. चाक स्वच्छ होते.