मारुतीपासूनचं अंतर

सकाळी बाल्कनीत आले, तर खाली रस्त्यावर मोजणीची टेप ताणलेली. एक टोक मारुतीच्या पायरीवर, दुसरं निघालेलं रमेशच्या नव्या बारकडे. देवळापासून बारचं दार निदान ठरावीक अंतरावर असेल, तरच परवाना मिळतो. म्हणून रमेशनं रस्त्याकडचं दार विटांनी बुजवून मागच्या बोळात नवं पाडलंय. तेवढाच टेपला वळसा.

"भिंतीला घासून न्या हो टेप, मधून कशाला?" तळमजल्यावरच्या काकू फाटकातून ओरडल्या. त्यांना बार नकोच आहे; भिंतीकडून मोजलं तर अंतर कमी भरेल.

"काकू, माणसं काय भिंतीला घासून चालतात?" रमेशचा आवाज चिरकला. चांगली नोकरी सोडून बसलाय तो.

परवान्याच्या साहेबांनी टेप आणखी ताणली.

खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. नको त्या गोष्टीपासून आपण किती लांब आहोत, हे आपण सगळे अंदाजानंच ठरवतो. मागच्या बोळात दार पाडतो आणि म्हणतो, पुरे एवढं. इथे कुणीतरी ते चक्क मोजत होतं.

टेप कोपऱ्यावर वळली. रमेश तिच्यामागे गेला नाही. तो उलटा देवळाकडे आला, चपला काढल्या आणि टेपचं टोक दाबून बसलेल्या शिपायाशेजारी पायरीवर डोकं टेकलं. दर शनिवारी मारुतीला तेल घालतो तो, देव जवळ असावा म्हणून. आज पहिल्यांदाच त्याला लांब राहा म्हणत होता.