दिसत नाही तो व्यायाम

चिकू निवडायला बसलेल्या बायकांची तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात. सरावलीच्या आमच्या शेडमध्ये दर हंगामात खोकी भरून किस्से निघतात, आणि हल्ली त्यातले निम्मे एकाच व्यायामाचे! कुणीतरी लिहायलाच हवेत. शाळेची पायरी मी चढले नाही, खोक्यांवरची नावं वाचून अक्षर शिकले. तेव्हा मीच लिहिते.

*

सुरुवात कमळपासून झाली. कमळ माझी शेजारीण, शेडमध्येही शेजारीच बसते. पाळी गेल्यापासून खोकली, शिंकली, हसली की तिची लघवी निसटायची. लेक दिलेली झाईला, पण बसच्या धक्क्यांना घाबरून ही लेकीकडे जायचीच बंद झाली. लेकीला दिवस गेले तरी हिचं एकच, "गुडघे दुखतात गं."

"दिवसभर इथे मांडी घालून बसतेस, तेव्हा नाही दुखत?" मी म्हटलं.

तेव्हा रडली आणि खरं बोलली. म्हणाली, "उद्या नातवंडाच्या बारशाला कशी जाऊ?"

*

मग मी उपकेंद्रातल्या सिस्टरला शेडवर बोलावलं. ती खुर्चीत बसली नि म्हणाली, "लघवी रोखताना आतून जे आवळता, तेच आवळायचं. थोडं धरायचं, सोडायचं. श्वास चालू, पोट-मांड्या ढिल्या. बघा, मी आत्ता करतेय."

आम्ही डोळे फाडून बघितलं. काहीच हललं नाही!

"मग मीपण सकाळपासून करतेय की!" मी म्हटलं.

"दिसत नाही तेच बरं ना, मावशी? बाजारात, बसमध्ये, कुठेही करता येतो. पण रोज करायचा. फरक पडायला काही महिने लागतात."

काम दिसणार नाही, फळ काही महिन्यांनी! मतं मागायला येणारेही हेच सांगतात.

*

तळासरीच्या बाजारात एक पुडीवाला ओरडत होता, "लघवीचा त्रास? एका पुडीत लघवी बंद!"

"अरे मेल्या," मी म्हटलं, "लघवी बंद झाली तर माणूस मरेल!"

कमळने हातात घेतलेली पुडी परत ठेवली. त्यापेक्षा सिस्टर परवडली.

*

पण बायका खरंच व्यायाम करतात की नुसत्या बसतात, हे कळायचं कसं? मी पाळत ठेवली आणि चोर सापडले! जी खरं आवळते, तिच्या भुवया वर जातात.

"चंद्रे, तुझ्या भुवया जागेवरच आहेत. फसवतेस कुणाला?"

"आणि मावशी, तू करतेस का?"

"मला कुठे त्रास आहे!"

*

लक्षात राहावं म्हणून कमळने युक्ती काढली. चिकू उचलला की आवळायचं, खोक्यात ठेवला की सोडायचं. ती युक्ती सगळ्यांनीच उचलली. थोड्याच दिवसांत शेठ लालबुंद होऊन आला.

"व्यापारी शिव्या देतो! माल पिकला तसे सगळ्या चिकूंवर अंगठ्याचे डाग निघाले. कोण दाबते?"

आतलं आवळताना हातही आवळत होता, हे शेठला कोण सांगणार?

कमळ म्हणाली, "पिकलाय का बघत होतो, शेठ."

"अरे, कच्चाच माल पाठवतो ना आपण!"

"म्हणून तर जोर लावावा लागला!"

*

लेक बाळंत झाली. बारशाला कमळ निघाली, सोबतीला मी. व्यायामावर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून पिशवीत एक जादा लुगडं घेतलं. बस गच्च भरलेली. एका गतिरोधकावर अशी उडाली की पुढच्या बाईच्या पिशवीतलं तिखट फुटून सगळीकडे उधळलं. कमळ शिंकायला लागली ती थांबेचना. अख्खी बस शिंकत होती, मीसुद्धा. पण कमळच्या सीटवरची नजर मी हलवली नाही.

झाई आलं. लेक बाळाला घेऊन थांब्यावर उभी. कमळ उठली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "बघून घे एकदाचं."

लुगडं कोरडं ठणठणीत!

बस रिकामी झाली. मी बसूनच होते.

"आजी, उतरा. शेवटचा थांबा आहे," कंडक्टर म्हणाला.

कमळने माझ्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली आणि वाकून हळूच म्हणाली, "शेवंते, भुवया खाली घे आणि ऊठ आता!"