मधल्या जागेवरच्या अक्का

शांती येण्याआधी अक्का तळहात पुसत असत. पदराच्या टोकाने आधी उजवा, मग डावा. जणू कोणी गरम प्रसाद हातावर ठेवणार आहे. आमच्या चर्चमध्ये वेदीपासून निघालेली शांती हातांतून हातांत येते. देणारा आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या तळव्याला लावतो, दोघेही वरून डावा हात मिटतात, मग घेणारा वळून ती शेजाऱ्याला देतो. जन्माने हिंदू असलेल्या मला पहिल्यांदा ते पाहून आरतीचे तबक फिरते आहे असेच वाटले होते.

साऱ्या वसाहतीच्या या अक्का बाकावर माझ्या आणि माझ्या मेहुण्याच्या मध्ये बसत. शांती त्याच्याकडून घेत, मला देत आणि तमिळमध्ये हळूच म्हणत, "धर, तंबी. लाइन आली."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

अक्कांची सारी नोकरी तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. ज्यांनी असे कॉल लावले आहेत, त्यांना बोलणे रंगात आले असता मध्येच येणारा तो निर्विकार आवाज आठवत असेल : "तीन मिनिटं झाली." निवृत्तीनंतरही तो आवाज नव्या बसस्टँडमागच्या आमच्या वसाहतीत ड्यूटीवरच होता. इथले ख्रिस्ती लोक धर्मगुरूला अय्यर म्हणतात. अय्यरांचे प्रवचन लांबले की अक्का ओठ न हलवता पुटपुटत, "तीन मिनिटं झाली." पुढच्या बाकावरचे खांदे हलू लागत.

एकदा अय्यरांनीच दाराशी विचारले, "अक्का, आज माझे किती कॉल झाले?"

"मोजले नाहीत, अय्या. पलीकडून कोणी उचलला नाही, एवढं खरं."

लोकांची बोलणी ऐकत होता का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "ऐकली नाहीत असं नाही. कुठे बोलले नाही."

अशा माणसाला मी आणि माझ्या मेहुण्याने मध्ये बसवून ठेवले होते, त्याचे कारण सांगायला हवे.

माझी पत्नी इथल्याच तमिळ ख्रिस्ती घरातली. माझे घर राजवाड्यामागच्या गल्लीतले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. लग्नासाठी मी बाप्तिस्मा घेतला. तिने माझ्या आईच्या स्वयंपाकघरात मराठी घेतली. अधिक निष्ठेने कोणी काय घेतले, याचा विचार मी अलीकडे टाळतो. ती गेल्यावर कबरीवर काळा दगड उभा केला. त्यावर मला मराठी ओळ हवी होती. तिचा थोरला भाऊ म्हणाला, "वाचणार कोण?" ते खोटे नव्हते. इथे देवनागरी वाचणारे थोडे. मी स्वतः ती लिपी चाळिशीत शिकलो, आणि म्हणूनच माझी मराठी अशी पुस्तकी आहे. अक्कांनी सुचवले, दोन्ही भाषा लिहा. आम्ही दोघांनीही मानले. मग प्रश्न उरला, वर कोणती?

तिथे आमचे बोलणे थांबले. तोवर मेहुणा मला माप्पिळ्ळै म्हणे, म्हणजे जावईबापू, आणि मी त्याला मच्चान, म्हणजे मेहुणा. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'रायर' झालो, इथे कोणत्याही अनोळखी मराठी माणसाला म्हणतात तसा. दगड कोराच राहिला.

उपासनेनंतर आवारात चहा असे.

"अक्का, रायरना सांगा, दगडवाला पुन्हा विचारत होता."

"अक्का, मच्चानना सांगा, माझं म्हणणं तेच आहे."

हे हातभर अंतरावरून चाले. अक्का चहात बिस्किट बुडवून म्हणत, "दोन्ही पार्ट्या लाइनवर आहेत. बोला."

आम्ही दोघे आपापला चहा फुंकत असू.

"तीन मिनिटं झाली. वाढवू?"

आम्ही हसत नसू. एकदा मात्र त्या हसण्याच्या सुरात नव्हत्या. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या आणि म्हणाल्या, "तंबी, लोक कॉलसाठी अर्धा दिवस ताटकळायचे. लाइन लागली की 'बरं आहे ना?' एवढंच विचारायचे, आणि त्यातही रडायचे. तुम्हा दोघांना लाइन फुकट मिळते."

घरी येऊन मी बसून राहिलो. पत्नीने कधीच दगडाविषयी काही सांगितले नव्हते. तिच्या नावाआडून मी स्वतःचेच काही कोरू पाहत होतो का, हे मला ठरवता आले नाही. खरे तर मी दमलो होतो, आणि माझा रागही दमला होता. पण तो उठून जात नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का झोपेतच गेल्या.

पुढच्या रविवारी शांती नेहमीसारखी मेहुण्यापर्यंत आली. मधली जागा रिकामी. तो हात जुळवून उभा राहिला. मी गीतांच्या पुस्तकात पाहत राहिलो. मागच्या बाकांना शांती पलीकडच्या बाजूने मिळाली. आमच्या बाकावर ती येऊन थांबली, त्या रविवारी आणि नंतरच्याही कित्येक रविवारी. त्या जागेवर कोणी बसत नव्हते. आम्हीही सरकत नव्हतो.

मग एका सकाळी, शांतीची वेळ जवळ आली असता, मी रुमालाने तळहात पुसत आहे हे माझ्या लक्षात आले. आधी उजवा, मग डावा. मेहुण्याचे गुडघे दुखतात. सरकायचे तर मलाच सरकायला हवे होते. सरकलो. त्याने तळवा लावला. त्याची बोटे त्याच्या बहिणीसारखी आहेत, हे मला पूर्वी ठाऊक होते.

नोव्हेंबरात कबरींचा सण आला. त्या संध्याकाळी सगळी वसाहत फुले आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात असते. अक्कांच्या कबरीवर अजून मातीच होती. तिथे झेंडू वाहून आम्ही दोघे कोऱ्या दगडापाशी आलो. मेहुण्याने पाणी ओतले, मी फडक्याने दगड पुसला.

"माप्पिळ्ळै," तो म्हणाला, "वर मराठी असू दे."

"नको, मच्चान. तमिळच वर. ती आधी तुमच्या घरची लेक."

"तुमच्या घरात जास्त वर्षं काढली तिनं."

"वाचणार कोण?"

"तुम्ही वाचाल की."

"तुमचं असंच असतं. कधी ऐकून घेणार नाही."

"आणि तुमचं, रायर?"

दोघांपैकी कोणीही मागे हटेना. मेणबत्त्या अर्ध्यावर उतरल्या, शेजारच्या कबरींवरची माणसे घरी निघाली, तरी आमचा वाद चालूच होता. तीन मिनिटं झाली, असे कोणी म्हटले नाही.