निकाहाच्या दुपारी बंद केलेली लाइन

माझ्या मुरुडच्या लॉजवर नाना तऱ्हेची माणसं उतरली, पण टेलिफोनच्या त्या साहेबाइतका दीडशहाणा दुसरा आला नाही. कमरेला दोन फोन, आणि तोरा असा की समुद्रसुद्धा यानेच मंजूर करून दिलाय.

एक्स्चेंजमधली मशीन बदलायची म्हणून शुक्रवारी दुपारी फायबरची लाइन बंद ठेवणार, म्हणे. मी म्हटलं, "साहेब, उद्या करा. आज शेजारी निकाह आहे. नवरा कतारला, फोनवरूनच कबूल म्हणणार. संध्याकाळी तो बोटीने तेलाच्या रिगवर जातो, मग महिनोन्महिने फोन लागत नाही."

हा हसला. "काका, शुक्रवारी दुपारी तुमचं अर्धं गाव मशिदीत. फोन करतंय कोण? आणि केबल दोन बाजूंनी आलीय. एक काढली की फोन दुसरीकडून फिरून येतात. कुणाला कळणारसुद्धा नाही."

डोंबल! शुक्रवारी आखातात सुट्टी. आमच्याकडे घरोघरी फोन वाजतो तो त्याच दिवशी, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि दुसरी बाजू रस्त्याच्या खोदकामात कधीच तुटली होती. ती जिवंत आहे की मेलीय, एवढं तरी आधी बघावं की नाही? याने चालू होती तीच काढून ठेवली.

नमाज सुटली. शेजारी काझी येऊन बसले, मुलीचा मामा आत जाऊन तिचा होकार घेऊन आला, आणि सगळ्यांच्या मधोमध उशीवर मोबाइल ठेवला. त्यावर रेंजची एक दांडी येईना. टॉवरही त्याच केबलवर चालतात ना!

मी तडक एक्स्चेंज गाठलं. साहेब घामाघूम. लाइन चालू करा म्हटलं, तर म्हणतो, "ते मुख्य ऑफिसातून करावं लागतं."

"मग सांगा की त्यांना!"

"कसं सांगू? फोन बंद आहेत."

कपाळ माझं! कमरेचे दोन्ही फोन या गाढवाने स्वतःच्याच हाताने मारले होते.

शेवटी मुख्य ऑफिसातून लाइन आली तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. नवऱ्याचा फोन लागेना, त्याची बोट सुटली होती. मुलगी मेंदीचे हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

आणि हा? काम फत्ते करून लॉजवर आला आणि जेवण मागायला लागला. माझा आचारी शेजारी लग्नाची बिर्याणी शिजवायला डेगेवर. "मग तिकडेच जेवतो," म्हणून निर्लज्ज खुशाल पाहुण्यांत जाऊन बसला. दारात आलेल्याला उपाशी परत पाठवायची त्या घरात रीत नाही, म्हणून मुलीच्या आईने, आमच्या भाभींनी, स्वतः त्याला बिर्याणी वाढली. मी सकाळी सांगितलेलं याच्या डोक्यात शिरलं असेल तर ना! दोन घास खाऊन मान वर करतो आणि विचारतो, "नवरा दिसत नाही कुठे?"

भाभींनी त्याच्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा ठेवला.

"त्यालाच तर तुम्ही दुपारी बंद केलंत, साहेब. खावा सावकाश."