यादिएलच्या बदल्यात एक पिचर

व्हर्ना क्लाइनशी वाद घालून कुणी जिंकलं असेल, तर तो माणूस आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात तरी राहत नाही. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. मागे पन्नास पोरं कालवा करायची आणि ही आरशातून नुसती बघायची, की बस चिडीचूप. निवृत्त झाली तरी नजरेचा धाक काही गेला नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी टेक्ससला. मग घरात माणूस कोण, तर बेसबॉलची पोरं.

गावात बड्या टीमची एक धाकटी टीम आहे. तिथे पोरं तयार व्हायची, आणि नशिबात असेल तर पायरी पायरीने वर जायची. पगार तुटपुंजा, म्हणून गावातल्या एकेका घराने एकेकाला उन्हाळाभर ठेवून घ्यायचं, अशी तेव्हा रीत होती. व्हर्नाकडे आठ जण राहून गेले. सात जणांची नावं विचारलीत तर सांगायची. आठव्याचं न विचारताच सांगायची.

आठवा म्हणजे यादिएल बातिस्ता. डोमिनिकन, फिल्डिंगला तिसऱ्या बेसवर उभा राहणारा. आला तेव्हा त्याला इंग्रजीचे वीस शब्द येत होते, त्यातले दहा खाण्याचे. पहिल्या दिवशी चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाच्या, वाडग्याशेजारी दालचिनीचा गोड रोल बघून बिचाऱ्याने तो मुकाट्याने बाजूला सारला होता. महिन्याभरात तोच दुसरा रोल मागायला लागला. तिला ‘दोन्या व्हर्ना’ म्हणायचा, त्यांच्याकडे मानाच्या बाईला म्हणतात तसं. आणि बॅट अशी चालवायचा की दोनदा चेंडू कुंपणापलीकडे जाऊन रेल्वेच्या रुळांत पडला. व्हर्नाने त्यातला एक शोधून आणला. गुडघा दुखत असताना.

पुढे यादिएल वर चढला, पण शेवटच्या पायरीच्या खालीच अडकला. बड्या टीमच्या तिसऱ्या बेसवर एक नावाजलेला गडी होता आणि त्याचा आठ वर्षांचा करार झालेला. तो हलेना, याला जागा मिळेना. अशी तीन वर्षं गेली. यादिएल पंचवीसचा झाला.

त्या जानेवारीत पेपरात आलं, की बड्या टीमला सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणारा एक चांगला पिचर हवाय आणि त्यासाठी तरुण बॅटर द्यायची तयारी आहे. नावांत यादिएलचं नाव होतं. त्याच दिवशी त्याचा डोमिनिकनमधल्या घरून फोन आला.

“दोन्या व्हर्ना, मी काय बटाट्याचं पोतं आहे का? सोळाव्या वर्षापासून यांच्यासाठी राबलो आणि आता देऊन टाकणार? दिलं तर मी जाणार नाही. मामाच्या टायरच्या दुकानात बसेन.”

“कोणी देत नाही तुला,” व्हर्ना म्हणाली. “मी सांगते ना.”

हिच्या सांगण्याला कोण विचारतंय? पण बोलून गेली खरी.

शनिवारी सकाळी ती गुन्नर लिंडक्विस्टच्या न्हावीखान्यात पोचली. हिवाळ्यात तिथे केस कमी कापले जातात आणि खेळाडूंची तोंडी अदलाबदल जास्त होते. मात्र गुन्नरचा एक कडक नियम आहे. सौदा मांडायचा किंवा मोडायचा असेल, तर खुर्चीत बसायचं, गळ्याला कापड बांधून घ्यायचं आणि आधी समोरच्या टीमचा मॅनेजर होऊन बोलायचं. नियम उगीच नाही केला त्याने. नाहीतर जो तो आपले तीन लंगडे देऊन दुसऱ्याचा हिरा मागायचा आणि वर म्हणायचा, किती रास्त सौदा आहे बघा.

बियाणं विकणारा ऑरिन टटल आधीच खुर्चीतून उठून बाजूच्या बाकावर जाऊन बसला होता. त्याचा सौदा मांडून झालेला. यादिएल द्यायचा आणि तळ्याकाठच्या शहरातल्या दुसऱ्या एका बड्या टीमचा डावखुरा पिचर घ्यायचा.

“पिचर नसेल तर सप्टेंबरमध्येच आपण स्पर्धेबाहेर, घरी,” ऑरिन म्हणाला. “गेली तीन वर्षं हेच चाललंय. आणि व्हर्ना, दरवर्षी तूच ओरडतेस की पिचर आणा म्हणून.”

“पिचर आणा म्हटलं, माझा पोरगा विका नाही म्हटलं.”

“आता तुझा झाला होय?”

“तुला एक रात्र तरी कुणाची खरकटी भांडी धुवावी लागलीत का ऑरिन? मग गप्प बस.”

“मोडायचा असेल तर खुर्चीत ये बाई,” गुन्नर कापड झटकत म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

व्हर्ना येतानाच सगळं ठरवून आली होती. तळ्याकाठच्या टीमची मॅनेजर व्हायचं आणि म्हणायचं, छे, पिचर देऊन घ्यावा एवढ्या लायकीचा हा पोरगा नाही. झालं, सौदा मोडला. ती खुर्चीत बसली. गुन्नरने कापड बांधलं.

“बोला मॅनेजरसाहेब. हा बातिस्ता घेणार का?”

“हा पोरगा...” व्हर्ना म्हणाली आणि थांबली.

समोरच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. पाय मंद आहेत म्हणावं, तर ते खोटं. बाहेर वळणारा चेंडू त्याला कळत नाही म्हणावं, तर तेही खोटं. पावसामुळे सामना रद्द झाला तरी तो गॅरेजात दोन दोन तास तेच घोटायचा, हे तिने स्वतः पाहिलेलं.

“काय झालं? एवढा वाईट आहे का?” ऑरिन हसला.

“वाईट कोणाला म्हणतोस रे?” व्हर्ना उसळली. “आमच्याकडे तिसऱ्या बेसवर आहे कोण? अडतीस वर्षांचा म्हातारा, वाकला की उठवायला दोन माणसं लागतात. हा पोरगा आम्हाला मिळाला ना, तर पहिल्या दिवसापासून तिथे उभा करू. रोज खेळवू. बसवून कुजवणार नाही तुमच्यासारखा.”

बोललेलं तिचं तिलाच ऐकू आलं होतं. कापडाची गाठ सोडायला तिने मान पुढे केली. गुन्नरने सोडून दिली.

“हात वर करा,” गुन्नर हळूच म्हणाला. “सौद्याच्या बाजूने कोण?”

पहिला हात व्हर्नाचा होता. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. बघायचं त्याने बघा.

त्या दुकानातल्या मतदानाला जगात कवडीची किंमत नाही. पण मंगळवारी तोच सौदा खरोखर झाला, आणि दुपारी यादिएलचा फोन आला.

“टाकलं मला, दोन्या व्हर्ना.”

“कुणी टाकलं? या सौद्याला मी पण हात वर केला होता.”

“तुम्ही?”

“हो, मी. आता नीट ऐक. यांना तू नकोस असं धरून बसलायस, मीही तेच धरून बसले होते. दुसऱ्या बाजूने बघ जरा. त्या लोकांनी आपला सगळ्यात चांगला पिचर दिलाय तुझ्यासाठी. बटाट्याच्या पोत्यासाठी देतं का कोणी? तिथे तिसरा बेस मोकळा पडलाय. मला तू इथे हवा होतास रे, खोटं कशाला बोलू. पण इथे तू बाकावरच म्हातारा झाला असतास.”

त्याच्या मागे मामाच्या दुकानात कुणीतरी टायर ठोकत होतं. फोन कानाला घट्ट धरून व्हर्ना उभी राहिली.

“दोन्या व्हर्ना,” शेवटी तो म्हणाला, “त्या तळ्याकाठी एप्रिलमध्ये, सामने सुरू होतात तेव्हा, थंडी असते का?”